हातचा

गणिताचा आणि आमच्या घराण्याचा छत्तीसचा आकडा. मी स्वतः पस्तिसाच्या वर कधी गेलो नाही. त्यामुळे चौथीतल्या नातीने पन्नासपैकी अकरा मार्क आणले, तेव्हा मला वारसा चालल्याचा आनंद झाला आणि चिरंजीवांना संताप. ते ओरडून ऑफिसला गेले. पोरगी ओसरीवर तोंड पाडून बसली.

पेपर पाहिला. रीत सगळी बरोबर, फक्त दर गुणाकारात हातचा विसरलेला.

"आबा, मी ढ आहे का हो?"

"आधी तुझ्या अकराला अकराने गुण बघू."

शहाबादी फरशीवर खडूने १२१ उमटले. मग १११ ला १११ ने: १२३२१. हातचा नाहीच! पोरगी खुलली. नऊ एकांपर्यंत पोचलो तेव्हा दुसरी फरशी सुरू झाली होती: १२३४५६७८९८७६५४३२१. बारा आकड्यांच्या पुढे आमच्या कॅल्क्युलेटरला धाप लागते. त्याने हात वर केले. मग एकं, दहं, शतं म्हणत आम्ही चढलो. खर्व, निखर्व, जलधी, अंत्य, आणि सतरावे स्थान मध्य. अंत्यानंतर मध्य! निवृत्तीनंतर दळण-भाजीला जुंपलेल्या मला हा क्रम फार पटला.

अशा संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी 'डेमलो' नाव दिले. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली; कल्पना तिथल्या स्टेशनावर सुचली. १९०५ साली डहाणूला जन्मलेले हे गृहस्थ देवळालीचे शाळामास्तर. पुढे १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिले. अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या ती 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, हे नावही त्यांचेच. आमच्या फरशीवरच्या संख्येची बेरीज ८१, आणि ८१ ने ती पूर्ण भागते. (मी दोनदा भागाकार केला, एकदा जमला.) उत्साहाने आमच्या धाराशिवचा पिनकोड घेतला: ४१३५०१. बेरीज १४, संख्या विषम. २०२३ साली गावाचे नाव बदलले, पण पिनकोड काही हर्षद झाला नाही.

"आता दहा एक घेऊ," नात म्हणाली. ओळी एकेक घर सरकवून मांडल्या. बेरीज करता करता मधल्या रकान्यापाशी खडू थांबला.

"आबा, इथे नऊ नाहीत, दहा एक झाले. शून्य मांडायचं आणि... हातचा!"

तो हातचा शेजारच्या नवाला मिळाला, त्याचेही शून्य झाले, पुन्हा हातचा. १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब, मधोमध दोन शून्ये. सुंदर रांगोळी मोडली, पण पोरीला हातचा भेटला.

संध्याकाळी चिरंजीव आले आणि उंबऱ्याशीच थबकले.

"बाबा, बूट काढा! हातच्यावर पाय पडेल."

त्यांनी निमूटपणे बूट काढले आणि उकिडवे बसले. जेवणाची वेळ झाली तशी सौ. फडके घेऊन आली.

"राहू दे आई," फरशीवरून डोळे न काढता ते म्हणाले, "मी अजून पडताळतोय."