हरीण आणि दहा पैशांचा फरक

शिकार म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा एखाद्या जुन्या वाड्यातला दिवाणखाना उभा राहतो. भिंतीवर शिंगे, खाली वाघाचे कातडे आणि त्यावर बूट ठेवून उभे असलेले मिशीवाले कोणी सरदार. मी तर कोल्हापूरचा. आमच्या संस्थानात शिकारी चित्ते पाळलेले असत. डोळ्यांवर झापड बांधून त्यांना गाडीतून माळावर न्यायचे आणि काळविटांचा कळप दिसला की झापड काढून सोडून द्यायचे. धावायचे चित्त्याने, पळायचे काळविटाने, आणि ‘आज आम्ही शिकार केली’ असे म्हणायचे गाडीत बसलेल्यांनी! बँकेतही साधारण हीच पद्धत आहे, त्यामुळे मला तिचे नवल वाटत नाही.

पण वाळवंटातल्या हरणाची शिकार हा प्रकार निराळा. त्याविषयी मी अधिकारवाणीने बोलू लागलो की काउंटरवरचे सहकारी माझ्याकडे ‘याला ऊन लागले की काय?’ अशा नजरेने बघतात. त्यांचेही खरेच आहे. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. राजस्थानच्या वाळवंटात आज चिंकाऱ्याकडे वाकड्या नजरेने बघायची सोय नाही. तिथे कायदा पुढे उभा असतो आणि बिश्नोई मंडळी कायद्याच्याही दोन पावले पुढे. तेव्हा मी सांगतो ते वाळवंट अमेरिकेतले. माझा धाकटा मेव्हणा ॲरिझोना राज्यात टूसॉनला असतो. एका डिसेंबरात आम्ही उभयता त्याच्याकडे तीन आठवडे राहून आलो. त्याच्या शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा राहतो. त्या वर्षी त्याचा हरणासाठी नंबर लागला होता.

हो, नंबरच. तिकडे बंदुकीने हरीण मारायचे तर आधी अर्ज करावा लागतो. मग सोडत निघते. नंबर लागला नाही तर तुमच्या नावावर एक बोनस पॉइंट जमा होतो, म्हणजे पुढच्या वर्षी संधी थोडी जास्त. नंबर लागलाच तर एक टॅग मिळतो. कोणते जनावर, कुठल्या भागात, कोणत्या तारखांना, सगळे त्यावर ठरलेले. एका माणसाला एका वर्षात एकच हरीण. मी तो टॅग उलटसुलट करून पाहिला आणि म्हटले, अरे, ही तर विड्रॉवल स्लिप! ‘अक्षरी रक्कम : हरीण एक फक्त.’

त्या हरणाच्या नावाचीही एक गंमत आहे. एलियट कूझ नावाचा एकोणिसाव्या शतकातला लष्करी डॉक्टर पक्ष्यांचा मोठा अभ्यासक होता. त्याच्यावरून या हरणाला ‘कूझ’चे हरीण म्हणतात. पण खुद्द डॉक्टरांच्या घरी ते आडनाव ‘काउझ’ असे उच्चारत, म्हणजे चक्क गाई! शिकाऱ्यांनी मात्र ‘कूझ’च कायम ठेवले, आणि ते बरेच केले. नाहीतर ‘दाजी गाईच्या शिकारीला गेले’ अशी बातमी कोल्हापुरात पोचली असती तर मला परत यायची सोय उरली नसती.

हे हरीण अंगाने बेताचे. चांगला मोठा नर चाळीस-पंचेचाळीस किलोंचा. रंग असा करडा की शिकारी त्याला ‘करडे भूत’ म्हणतात. वाळवंटातून बेटांसारखे वर आलेले डोंगर आहेत, त्यांच्या उतारांवरच्या गवतात आणि खुरट्या ओकच्या झाडीत ते राहते.

निघण्याच्या आदल्या रात्री शेजाऱ्याने मला यादी दिली : पाणी तीन लिटर, टोपी, बसायला उशी आणि कंगवा.

“कंगवा कशाला रे?” मी मेव्हण्याला विचारले. माझ्या डोक्याने कंगव्याकडचे खाते पंधरा वर्षांपूर्वीच बंद केलेले आहे.

“घ्या हो दाजी. ते सांगतायत ना!”

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर अर्ध्या तासात उलगडा झाला. तिथे चोया नावाचे एक निवडुंग असते. त्याला नुसते घासून गेले तरी त्याचा पेरच्या पेर तुटून तुमच्या पोटरीला मिठी मारतो. हाताने काढायला जावे तर तो हाताला धरतो. कंगव्याचे दात काट्यांखाली सरकवून झटका दिला की लांब उडतो. टकलाच्या खिशातही कंगवा असावा, हे ज्ञान मला सात समुद्रांपलीकडे झाले.

वाटेत शेजाऱ्याने मला शिकारीच्या पद्धती समजावून दिल्या. एक म्हणजे वाळूतल्या ताज्या मागावरून चालत जायचे. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात सपाटीवरच्या लांबकान्या म्यूल हरणासाठी ती चालते. खडकाळ डोंगरात माग उमटतच नाही. दुसरी पाणवठ्याजवळ दबा धरण्याची. पण तिथे नियमच नियम. जनावरांची पाण्याची वाट अडेल असा मुक्काम पाव मैलाच्या आत ठोकायचा नाही. दाणे टाकून आमिष दाखवायचे नाही. झाडाला कॅमेरा बांधून पाळत ठेवायची सोय होती, तीही शिकारीपुरती २०२२ पासून बंद झाली. तिसरी पद्धत घळीतून चालत जाऊन झुडपातले हरीण उठवायची.

“आणि चौथी?” मी विचारले.

“बसायचे,” तो म्हणाला. “एका जागी बसायचे आणि बघायचे.”

ही पद्धत मला मनापासून पटली. गेली २२ वर्षे मी पगार घेऊन तेच करतो आहे.

एका टेकाडावर त्याने दोन तिपाया उभ्या केल्या आणि त्यांवर दोन भल्यामोठ्या दुर्बिणी बसवल्या. समोर दरी आणि दरीपलीकडे अख्खा डोंगर. हात हलला की दुर्बीण हलते आणि दुर्बीण हलली की हरीण दिसत नाही, म्हणून तिपाई. डोंगराचे मनातल्या मनात पट्टे पाडायचे, डावीकडून उजवीकडे एक पट्टा बघायचा, मग त्याच्या खालचा. “अख्खे हरीण शोधू नकोस,” तो म्हणाला. “अख्खे हरीण कधी दिसत नाही. झुडपे उभी असतात, तू आडवी रेघ शोध. ती पाठ असते. नाहीतर हलणारा कान शोध.”

इथे माझ्या बी. कॉम.चे सार्थक झाले. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून हाताने लिहायचे लेजर होते. एके दिवशी दहा पैशांचा फरक आला. सगळा स्टाफ रात्री नऊपर्यंत आकडे वाचीत बसला. शेवटी आमचे हेडक्लार्क म्हणाले, “वाचू नका रे. नुसते बघत राहा. चुकीचा आकडा आपणहून खटकतो.” आणि खरोखरच एका सातच्या जागी बसलेला सहा मला खटकला. आता समोरचा डोंगर म्हणजे तसेच एक लेजर होते आणि त्यात कुठेतरी एक हरीण खटकायचे होते.

दोन तास झाले. तीन झाले. पहाटे बोटे गोठवणारी थंडी जाऊन टोपी तापली. शेजारी म्हणाला, आता खरी वेळ. सकाळी चरून झाले की हरीण सावलीत बसते. ऊन वर आले की सावली सरकते, मग हरीण उठते, चार पावले टाकते आणि पुन्हा सावलीत बसते. तेवढ्यात दिसले तर दिसले. आमच्या शाखेत पंख्याखालच्या खुर्चीची हालचाल अशीच होते, त्यामुळे मला हे चटकन समजले.

आणि एका ओकच्या झुडपाखाली मला एक आडवी रेघ दिसली. मघाशी ती नव्हती.

“सापडला!” माझ्या तोंडून मराठीत निघून गेले. लेजर कुठलेही असो, फरक सापडला की क्लार्कच्या तोंडून हाच शब्द निघतो. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हते, पण त्याला ते कळले.

त्याने आपली दुर्बीण तिकडे वळवली. ती मादी होती आणि टॅग शिंगवाल्याचा. मला एकदम हायसे वाटले. का वाटले, याचा विचार करायला मात्र वेळ मिळाला नाही. कारण तिच्या मागे सावलीत आणखी एक होते आणि त्याला शिंगे होती.

शेजाऱ्याने खिशातून पावडरची छोटी बाटली काढून हवेत एक फुंकर सोडली. वारा कुठे जातो ते पाहिले. ऊन तापले की डोंगरातली हवा वर चढते, म्हणजे वास वरच्या अंगाला जातो. तो घळीत उतरला आणि वळसा घालून वरच्या बाजूने जवळ सरकत गेला. मी दुर्बिणीपाशी एकटा राहिलो. तासभर मी त्या हरणाला बघत होतो. ते रवंथ करीत होते. मधूनच एक कान मागे वळवी, माशी झटकी आणि पुन्हा रवंथ. त्या तासात मी नक्की कोणाच्या बाजूने होतो, ते मला आजही सांगता यायचे नाही.

मग हरीण खाली बसले. आवाज नंतर आला. मादी पांढरी शेपटी उभारून कड्याआड गेली.

मी धापा टाकीत पोचलो तेव्हा म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली होती. तो काहीच बोलला नाही, मीही बोललो नाही. पुष्कळ वेळ गेला. मग त्याने खिशातून टॅग काढून शिंगाला बांधला. नोंद आधी आणि बाकीचे मग, हे मला आवडले. त्यानंतर सुरी निघाली. उन्हाच्या देशात मांस लवकर गार करावे लागते, म्हणून त्याने तिथल्या तिथे कातडे सोडवले आणि मांस पांढऱ्या सुती पिशव्यांत भरले. खाण्याजोगे मांस टाकून दिले तर तो तिथे गुन्हा आहे. बारा-तेरा किलो माझ्या पाठीवर आले. कापडातून ते पाठीला गरम लागत होते.

परतीच्या वाटेवर पत्र्याचे एक उतरते छप्पर दिसले. खाली ना घर, ना गोठा, नुसती टाकी. पावसाचे पाणी पत्र्यावरून टाकीत साठते आणि ते जनावरांनी प्यायचे. पाऊस दगा देतो त्या उन्हाळ्यात टँकरने पाणी आणून ओततात. म्हातारा आणि त्याचे मित्र जूनच्या उन्हात त्या कामाला जातात. शिवाय १९३७ सालच्या एका कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. काढणाऱ्यानेच भरायचे, असा तो व्यवहार.

खाते टॅली होते म्हणून मारणे योग्य ठरते का? हा प्रश्न माझ्या टेबलावरचा नाही. बिश्नोई मंडळींच्या वहीत तर काढण्याचा रकानाच नाही, आणि तीही वही चोख आहे. मला दोन्ही वह्या समजल्या. घोटाळा वाटला तो माझ्याच वहीचा. मी दर रविवारी अर्धा किलो मटण आणणारा माणूस. मटणवाल्याचा सुरा चालू असतो तेव्हा मी रांगेत तोंडासमोर पेपर धरून उभा असतो. म्हणजे इतकी वर्षे दर रविवारी न बघता व्हाउचर पास करतो आहे!

त्या रात्री आमच्या हिने कोल्हापूरहून नेलेला कांदा-लसूण मसाला घालून तांबडा रस्सा केला. शेजारी पहिल्या घासालाच थांबला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते हरणासाठी होते की मिरचीमुळे, हे विचारायचे आम्हाला धाडस झाले नाही. पण त्याने भांड्याच्या तळाचे हाडूकसुद्धा सोडले नाही, आणि मीही नाही.

हल्ली रविवारी दुकानात मी पेपर घडी करून खिशात ठेवतो आणि समोर बघत उभा राहतो. मटण पूर्वीपेक्षा पावशेर कमीच घेतो. मटणवाला चांगला माणूस आहे. परवा काळजीने म्हणाला, “काय साहेब, बरेच रविवार झाले, पेपर बंद केला की काय?”