मान्यता

आमच्या तीर्थरूपांनी बारा वर्षे चालविलेल्या जमिनीच्या दाव्यातही जितके कागद जमले नसतील, तितके गेल्या दीड वर्षात आमच्या माजघरातील टेबलावर जमले. ते सर्व आमच्या पुतणीचे. ती परिचारिका आहे. चार वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षे तिने एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम केले. आणि एके रात्री जेवणे आटोपल्यावर सर्वांदेखत सांगितले, की जर्मनीस जाऊन तेथे नोकरी करावी असा आपला विचार पक्का झाला आहे. आमचे धाकटे बंधू काही न बोलता पानावरून उठले. आमच्या मातोश्रींचे वय ८८. त्यांनी एवढेच विचारले, "मग मला सुई कोण टोचणार?" त्यांस मधुमेह आहे, आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन देण्याचे काम नातीकडे होते.

येथे एक गोष्ट कबूल करणे प्राप्त आहे. या मुलीने बारावीनंतर नर्सिंगचे नाव काढले तेव्हा घरात सर्वांत मोठ्या आवाजात विरोध आम्हीच केला होता. परक्यांची मलमूत्रे काढण्याचा धंदा आपल्या घरातील मुलीने करावा काय, असे शब्द आम्ही काढले. चाळीस वर्षे मुलांना सुभाषिते शिकविणाऱ्याच्या तोंडचे ते शब्द आज आठवले म्हणजे आमची आम्हांस लाज वाटते. म्हणून या खेपेस तिच्या बाजूने उभे राहण्याचे आम्ही ठरविले. आणि उत्साहाच्या भरात पहिलीच चूक केली.

शहरात परदेशी नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका गृहस्थांचे कार्यालय होते. भिंतीवर विमानाचे मोठे चित्र, टेबलावर पाच-सहा देशांचे झेंडे. ते म्हणाले, "चार लाख रुपये खर्च, तीन महिन्यांत व्हिसा. भाषा काय, तिकडे गेल्यावर येतेच!" आम्ही आमच्या ठेवीतून पन्नास हजार काढून त्यांच्या हाती दिले, आणि पावती मागण्याचा संकोच केला. पुतणीला हे कळले तेव्हा ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "काका, मला विचारायचंत तरी." १९८३ च्या परदेशगमन कायद्याने असा धंदा करणाऱ्यास सरकारदरबारी नोंद करून घेण्याचे बंधन घातले, आणि त्याने उमेदवाराकडून किती पैसे घ्यावेत यालाही त्याखालील नियमांनी मर्यादा घातली, ती तीस हजार रुपये व वर कर, इतकीच. हे आम्हांस नंतर कळले. नोंदणीचा क्रमांक विचारावयास गेलो तेव्हा कार्यालयास कुलूप होते. ते पन्नास हजार अद्याप आलेले नाहीत, आणि येतील अशी आशाही आम्ही ठेवलेली नाही.

त्यानंतर मात्र आम्ही दोघांनी मिळून हा विषय पाठ्यपुस्तकासारखा वाचून काढला. आमची समजूत अशी होती, की व्हिसा मिळाला म्हणजे सर्व मिळाले. वास्तविक व्हिसा हा शेवटचा अध्याय आहे. जर्मनीत परिचारिकेचा व्यवसाय कायद्याने बांधलेला आहे. तेथील सोळा राज्यांपैकी ज्या राज्यात काम करावयाचे, त्या राज्याच्या अधिकाऱ्यांकडून आपल्या शिक्षणास मान्यता घ्यावी लागते. तिला ते 'आनेर्केनुंग' म्हणतात. आपल्या अभ्यासक्रमातील विषय आणि तास ते आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात, आणि जेथे उणे दिसेल त्याचे एक पत्र धाडतात. उणीव भरून काढण्यास दोन वाटा असतात: एक तर तेथील रुग्णालयात ठराविक काळ शिकत काम करणे, किंवा तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा देणे. या अवधीसाठी निराळा परवाना मिळतो, प्रथम फार तर दोन वर्षांचा. तोपर्यंत मदतनीस म्हणून राबावयाचे, पगारही मदतनिसाचा. उणीव भरली, भाषेची बी-२ ही पायरी ओलांडली, म्हणजे सनद मिळते, आणि मगच स्वतःस पूर्ण परिचारिका म्हणविता येते. डॉक्टरांचाही मार्ग थोडाफार असाच आहे; त्यांची भाषेची परीक्षा अधिक कठीण, इतकेच.

पुतणीचे उणिवांचे पत्र आले त्या दिवशी आम्ही सर्व ते ऐकावयास बसलो. त्यात लिहिले होते, की उमेदवाराचे वृद्धांच्या शुश्रूषेचे प्रात्यक्षिक तास कमी पडतात. मातोश्रींना हे मराठीत सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, मग माझी सेवा केलीस ती कोणत्या खात्यात गेली?" पुतणी हसता हसता रडू लागली.

भाषेच्या बाबतीत मात्र आमचा थोडा उपयोग झाला. नोकरी देणारे बी-१ ही पायरी येथूनच चढून यावयास सांगतात. पुतणी पुण्यास मॅक्स म्युलर भवनात शिकावयास जाऊ लागली. ज्या पंडिताने १८४९ ते १८७४ या काळात ऋग्वेद छापून काढला आणि हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही, त्याच्या नावाच्या वास्तूत बसून आमच्या घरची मुलगी त्याच्या देशास जाण्याची तयारी करीत होती. तिची पुस्तके आम्ही सहज चाळली, आणि पाहतो तो काय, जुन्या मित्राची गाठ पडल्यासारखे झाले! तीन लिंगे, चार विभक्त्या, आणि लांबलचक समास. 'क्रांकेनहाउस' म्हणजे रुग्णालय. 'क्रांकेनश्वेस्टर' हा परिचारिकेचा जुना शब्द, त्याचा अर्थ रुग्णांची बहीण. आम्ही तिला सांगितले, "हा षष्ठी तत्पुरुष आहे, आणि 'श्वेस्टर' म्हणजे आपली 'स्वसृ'च, दुसरे कोणी नाही." सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी म्हणून ती कुरकुरे. मुलीस ते नपुंसकलिंगी 'मेडशेन' म्हणतात, याचा तर तिला फारच राग. तेव्हा आम्ही तिला संस्कृतातील भार्या, दाराः आणि कलत्रम् हे तीन शब्द दाखविले. अर्थ तिघांचाही पत्नी. पण पहिला स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी आणि तोही नित्य बहुवचनी, तिसरा नपुंसकलिंगी! त्यानंतर तिने जर्मनांस क्षमा केली. एका ठिकाणी मात्र आमचे पांडित्य फसले. 'सह' असता तृतीया हे आमच्या हाडीमासी खिळलेले. त्यांच्याकडे त्याच अर्थाचा 'मित' असता चतुर्थीसारखी विभक्ती येते. आम्ही आत्मविश्वासाने सांगितलेले रूप तिच्या वहीत लाल शाईने खोडले जाऊन परत आले.

बी-१ च्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, व प्रत्येकात शंभरांपैकी साठ गुण लागतात. लेखनात तिला चौपन्न पडले. सुदैवाने राहिलेला तेवढाच भाग पुन्हा देता येतो. दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली.

कागदपत्रांची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात आमची शोभा नाही. तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांत एक 'एच' गळलेला निघाला. पासपोर्टवर तो आहे. शाळा आमचीच, तो अर्ज भरून घेणारे मास्तरही आम्हीच, आणि चुकलेले नाव आमच्या सख्ख्या भावाचे. शाळेचे पत्र, जुन्या रजिस्टराचा उतारा, मंडळाच्या विभागीय कार्यालयात तीन फेऱ्या, असे करीत ते प्रमाणपत्र चार महिन्यांनी दुरुस्त होऊन आले.

नोकरीचे पत्र अखेर एका अशा संस्थेमार्फत आले, जिला परिचारिकांची भरती न्याय्य रीतीने करण्याबद्दल जर्मन शासनाची मोहोर मिळालेली आहे. अशा संस्थेने परिचारिकेकडून नोकरी लावून दिल्याचा एक पैसाही घ्यावयाचा नसतो. तो भार रुग्णालय उचलते. आमचे बंधू हे ऐकून प्रथमच जरा मोकळे झाले. पण त्यांची खरी भीती पैशांची नव्हती. "आज त्यांना गरज आहे म्हणून बोलावतात, गरज सरल्यावर काय?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो पोकळ नव्हता. १९६० च्या सुमारापासून केरळातील पुष्कळ तरुण मुली कॅथॉलिक संस्थांच्या ओळखीने जर्मन रुग्णालयांत गेल्या. १९७० नंतरच्या दशकात त्यांपैकी अनेकींचे परवाने काही राज्यांनी वाढवून दिले नाहीत. इंग्लंडचे उदाहरण तर ताजे आहे. तेथे २०२० साली वैद्यकीय क्षेत्रातील लोकांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू झाला, २०२२ मध्ये वृद्धांची देखभाल करणाऱ्या सेवकांसही तो खुला झाला. मार्च २०२४ पासून या सेवकांस बायकामुले नेण्यास बंदी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवे सेवक घेणेच थांबले. परिचारिकांचे दार तेव्हा मिटले नाही, हे खरे; पण शेजारचे दार मिटताना आवाज ऐकू येतोच.

पुतणीने वडिलांस उत्तर दिले ते असे. सनद हाती आल्यावर कुशल कामगाराचा परवाना मिळतो. तशी तीन वर्षे काम झाले, पेन्शनची वर्गणी छत्तीस महिने भरली आणि भाषा आली, म्हणजे जर्मनीत कायम राहण्याचा हक्क मागता येतो. "बाबा, म्हणूनच मला दोन वर्षं मदतनीस होऊनही आधी सनद मिळवायची आहे. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहायचं नाही." बंधू काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून थंडीचा जाड कोट आणला. तो मापाने दोन बोटे मोठाच आहे.

व्हिसाचा शिक्का बसलेला पासपोर्ट गेल्या आठवड्यात आला. तिचे जाणे येत्या २१ तारखेस आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती आम्हांस इन्सुलिन देण्यास शिकवीत आहे. पहिले तीन दिवस मोसंब्यावर सराव झाला. चिमटीत कातडी कशी धरावी, सुई कोणत्या कोनातून घालावी, औषध गेल्यावर दहा आकडे मोजून मग सुई बाहेर काढावी, हे ती आमच्याच पूर्वीच्या स्वरात सांगते, आणि चुकलो तर पुन्हा पहिल्यापासून करावयास लावते. चवथ्या दिवशी आम्ही मातोश्रींच्या जवळ बसलो. हात थोडा कापत होता. पुतणी मागे उभी राहून हळूच आकडे मोजीत होती. सुई काढून आम्ही कापूस दाबून धरला, तेव्हा मातोश्रींनी मिटलेले डोळे न उघडताच विचारले, "अरे, टोचतोस की नाही अजून?"