आखणाऱ्याचे डोळे

बोरगावच्या माणसाने गोल्फच्या मैदानांवर लिहायला बसावे, यात थोडा विनोद आहे हे आम्ही जाणून आहोत. निपाणी परिसरातल्या आमच्या पिढीने जमीन ओळखली ती आधी तंबाखूची आणि मग उसाची. खेळ म्हणाल तर तालमीतली कुस्ती. गोल्फ आम्ही पाहिला तो बेळगावी शिकत असताना, आणि तोही सायकलवर एक पाय टेकून, कुंपणाबाहेरून. एवढी जमीन आणि तीत पीक काही नाही, याचेच आम्हांस तेव्हा नवल वाटले होते. वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : "पावसाचं पाणी कुठनं जातंय तिथलं?" आम्ही ते पाहिलेच नव्हते.

तो प्रश्न आम्हांस तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा आठवला. पण ते पुढे.

हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे. कलकत्त्याचा क्लब 1829 मधला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईत 1842 मध्ये क्लब निघाला. लष्करी छावणी जाईल तेथे गोल्फही गेला. पाण्याची टंचाई असे तेथे हिरवळीऐवजी वाळू आणि तेल यांचा थर दाबून गुळगुळीत केलेल्या जागेत चेंडू घालवीत. तिला हिरवळीच्या 'ग्रीन'च्या धर्तीवर 'ब्राउन' म्हणत. या खेळाच्या कुंपणाआत एतद्देशीय माणूस बहुधा काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊनच शिरत असे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी 1918 मध्ये हिंदी व युरोपीय अशा दोघांसाठी क्लब काढला, ही त्या काळी बातमी ठरावी अशी गोष्ट होती.

मैदानाला आखणारा असतो, हे मात्र आम्हांस फार उशिरा, वाचनातून कळले. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजचे जुने मैदान कोणा एकाने आखलेच नाही. समुद्राने वाळू आणली, वाऱ्याने तिचे उंचवटे केले, मेंढ्यांनी गवत आखूड राखले. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्यांनी जे खळगे उकरले, त्यांतूनच पुढे 'बंकर' आले असे सांगतात. तेथे पूर्वी बावीस टप्प्यांचा खेळ होई. 1764 मध्ये काही टप्पे एकत्र केल्याने ते अठरा झाले, आणि जगभर अठराच रूढ झाले.

पुढे आखणी हा व्यवसाय झाला. त्यातले एक मोठे नाव अ‍ॅलिस्टर मॅकेंझी. हे गृहस्थ मुळात डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात असताना, मूठभर बोअर शेतकरी जमिनीच्या नैसर्गिक चढउतारांचा आडोसा घेऊन सैन्याला कसे चकवतात, हे त्यांनी पाहिले. माणसाने केलेली गोष्ट निसर्गाने केल्यासारखी दिसली पाहिजे, हा धडा त्यांनी तेथे घेतला आणि मैदानांत उतरवला. बॉबी जोन्स यांच्यासह त्यांनी आखलेले अमेरिकेतील ऑगस्टाचे मैदान 1933 मध्ये खुले झाले. आपल्याकडे ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांचे नाव घ्यावे लागते. ब्रिटनची मानाची ओपन स्पर्धा पाच वेळा जिंकणाऱ्या या खेळाडूने दिल्लीच्या मैदानाची फेरआखणी केली, बंगळूरचेही एक मैदान आखले. दिल्लीचे तेच मैदान पुढे गॅरी प्लेअर यांनी पुन्हा बदलले आणि 2019 मध्ये ते खुले झाले. जमिनीवरचा कोणताही आराखडा अखेरचा नसतो, हे आम्हां सीमाभागातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. 1956 मध्ये नकाशावर ओढलेल्या एका रेघेचा वाद आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत.

या मंडळींविषयी वाचताना आम्हांस एक गोष्ट टोचत राहिली. चांगला आखणारा प्रथम खेळाडूचा विचार करीत नाही, पाण्याचा करतो. पाऊस पडला तर पाणी कोठे साचेल आणि कोठून जाईल, हे ठरल्यावाचून बाकीचे सारे व्यर्थ. वडिलांचा प्रश्न हाच होता, आणि त्यांनी मॅकेंझींचे नावही ऐकले नव्हते.

टोचण्याचे कारण आमच्या शेतात आहे. वडिलोपार्जित रान मधोमध किंचित खोलगट होते. तेथून एक ओघळ आडवातिडवा जाई. काठाला दोन बाभळी आणि एक आंबा. ओघळीमुळे नांगर वळवावा लागे, सऱ्या तुटत, तीनेक गुंठे जमीन 'फुकट' जाई. वडिलांच्या पश्चात आम्ही यंत्र लावून सारे रान सपाट करून घेतले. ओघळ बुजली, झाडे गेली. उसाच्या सऱ्या या बांधापासून त्या बांधापर्यंत फुटपट्टीने आखल्यासारख्या सरळ धावू लागल्या. आम्ही बांधावर उभे राहून ती सरळ रेघ अभिमानाने पाहत असू.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. नद्यांचे पाणी उतरले, शेजाऱ्यांची राने उघडी पडली. आमचे पाणी मात्र मधोमध तसेच उभे. त्याची वाट आम्हीच बुजवली होती. ऊस शेंड्यापासून कुजला. 2021 मध्ये पुन्हा तेच झाले. आता उन्हाळ्यात त्या जागी मातीवर पांढरी खार फुटते. दोष पुराचा नव्हे, यंत्रवाल्याचाही नव्हे. आखणारे आम्ही होतो.

2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात बिबट्या आला आणि छावणीकडील त्याच गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या वीसहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलहून हत्ती आणले गेले. लोकांना त्याची गंमत वाटली, भीतीही वाटली. आमच्या मनात आले, साऱ्या शहरात त्या जनावराला आसरा घ्यावासा वाटला तो येथे, कारण येथे कोणी शेवटच्या गुंठ्यापर्यंत सपाट केले नव्हते.

म्हणून गोल्फच्या मैदानांचे गोडवे गावेत असे नाही. गोव्याच्या उत्तर टोकाला, नदीपलीकडे, सिंधुदुर्गाला लागून तेरेखोल नावाचे चिमुकले गाव आहे. तेथे गोल्फ मैदानासह विश्रामधाम उभारण्याचा बेत झाला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुटुंबांनी कूळहक्काचा प्रश्न उभा केला, आणि 2015 च्या सुमारास ते प्रकरण गोवाभर गाजले. मॅकेंझींसारखा डोळा असूनही आखणाऱ्याला उंचवटे दिसतात, पाणी दिसते; त्या उंचवट्यावर कोणाचे काजूचे झाड आहे, हे दिसेलच असे नाही. मात्र तेरेखोलच्या माणसांना निदान विचारणारा कोणी परका समोर होता. आमच्या ओघळीने कोणाकडे दाद मागावी?

यंदा उन्हाळ्यात आम्ही ती ओघळ पुन्हा उकरायला घेतली आहे. मुलगा म्हणाला, "आबा, तीन गुंठे जातात." आम्ही म्हटले, "जाऊ देत." जुनी वाट नेमकी कोठून होती, हे आता कोणास सांगता येईना, कागदावर ती कधी नव्हतीच. शेवटी पहिल्या वळवाची वाट पाहायचे ठरले. पाणी जेथून जाऊ पाहील तेथे खुंट्या ठोकायच्या. वडिलांनीही बहुधा हेच सांगितले असते.