दक्षिण काशीहून काशीनेला

दिवाळीला लेक घरी आली नाही, म्हणून नाताळला आम्ही तिच्याकडे गेलो. आम्ही युरोप पाहिला तो एवढ्या साध्या कारणाने. एरवी पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी आणि फार तर गणपतीपुळे, एवढ्यात आम्हां कोल्हापूरकर नवराबायकोचा भूगोल संपत होता. धाकटी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी जुन्या चित्रांची डागडुजी करण्याची विद्या शिकते. वय वर्षे बावीस. आमच्या सौभाग्यवतींच्या मनात एक बेत होता. अभ्यास संपताच पोरीने मुकाट्याने घरी यावे, हे तिला समोर बसवून सांगायचे. "फोनवर ती हसण्यावारी नेते," असे हिचे म्हणणे. तेव्हा आमचा हा प्रवास निम्मा सहलीचा आणि निम्मा वकिलीचा होता.

तुपातले लाडू आणू नका, दुधातुपाचे पदार्थ इकडे सामानातून येऊ देत नाहीत, असे लेकीने आधीच बजावले होते. लाडवांच्या जागी मग कांदा-लसूण मसाल्याच्या दोन पुड्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा गेला. या सगळ्याच्या तळाशी, लोकरी मोज्यांत गुंडाळून, मी एक मातीची पणती ठेवली.

तिची हकीकत अशी. माझे वडील राजाराम कॉलेजात शिकले. १८८० साली निघालेल्या त्या कॉलेजाला ज्या राजाचे नाव आहे, तो फ्लॉरेन्सला वारला आणि तिथे त्याची छत्री आहे, हे त्यांनी आम्हां भावंडांना शंभरदा ऐकवले होते. "आपल्यातलं कुणी तिकडं गेलंच, तर एक पणती लावून या," असे ते म्हणत. कुणी जाईल असे त्यांनाही वाटत नसावे. नात त्याच गावी शिकायला गेली, तेव्हा ते हयात नव्हते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून विमानाने रोम आणि रोमहून आगगाडीने दीड तासात फ्लॉरेन्स. तिथले लोक आपल्या गावाला 'फिरेन्झे' म्हणतात. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गाव उजळते. गल्ल्यागल्ल्यांतून दिव्यांच्या माळा, मोठ्या चर्चच्या चौकात आकाशाला भिडणारे झाड, कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी कढईत चेस्टनट भाजणारे विक्रेते. कागदाच्या पुडीत ते गरम दाणे हातात आले, की थंडीत बोटांनाही शेक मिळतो. चव आपल्या भाजलेल्या रताळ्याच्या जवळची. सौ.ने पहिला घास घेतला आणि "उपासाला चालेल," असा निकाल दिला.

नाताळ म्हणजे काय, हे आम्हांला कळले ते मात्र एका चर्चच्या कोपऱ्यात. तिथे मातीच्या बाहुल्यांचा एक देखावा मांडला होता. डोंगर, गुहा, शेवाळाची कुरणे, मेंढपाळ, विहिरीवरची बाई, भट्टीपाशी पाव भाजणारा. इटलीत घरोघर असा देखावा मांडतात. १२२३ साली संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री खरीखुरी गव्हाण, बैल आणि गाढव ठेवून येशूजन्माचा देखावा उभा केला, तेव्हापासूनची ही परंपरा सांगतात. मी पाहतच राहिलो. हा तर आपला दिवाळीतला किल्ला! आपण माती थापून त्यावर आळीव पेरतो, मावळे उभे करतो; त्यांचे शेवाळ आणि मेंढपाळ. फरक एवढाच, की आपल्या किल्ल्यावर महाराज पहिल्या दिवसापासून सिंहासनावर असतात. त्यांची गव्हाण २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. बाळ त्या वेळी ठेवतात. तोवर सगळी मातीची माणसे त्या रिकाम्या जागेकडे बघत असतात. सौ. त्या रिकाम्या गव्हाणीपुढे जरा जास्त वेळ उभी राहिली. दिवाळीत आमच्या घरीही एक जागा तशीच होती.

गाव पाहायचे तर पायात चांगले बूट हवेत, कारण सगळे चालत पाहायचे. मोठ्या चर्चचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभा केला, तोही खालून लाकडी आधाराचा साचा न लावता. वर जायला ४६३ पायऱ्या. जोतिबाची सवय असलेली सौ. माझ्या आधी वर पोचली. आर्नो नदीवर 'पॉन्ते व्हेक्यो' म्हणजे जुना पूल आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना सोनारांची दुकाने. पूर्वी तिथे खाटीक बसत. १५९३ साली तिथल्या ड्यूकने त्यांना उठवून सोनार बसवले. सौ. म्हणाली, "म्हणजे नदीवर बांधलेली आपली गुजरीच की!" भाव विचारले आणि कोल्हापूरच्या गुजरीबद्दलचा तिचा आदर वाढला.

जेवणाचे थोडे सांगितले पाहिजे. त्या प्रांतातल्या पावात मीठ घालत नाहीत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला हा घास म्हणजे परीक्षाच. शाकाहारी मंडळींनी 'रिबोल्लिता' मागावे: शिळा पाव, काळसर कोबीची पाने आणि घेवडा घालून केलेले दाट सार. आमच्या लेकीने त्यात कांदा-लसूण मसाला घातला, आणि त्या पदार्थाला जे हवे होते ते मिळाले असे आमचे तिघांचे एकमत झाले.

सांता क्रोचे या चर्चमध्ये लेक आम्हांला मुद्दाम घेऊन गेली. त्या भागात भिंतींवर इतक्या उंचीवर खुणा आहेत, की मान वर करून पाहाव्या लागतात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचे पाणी तिथवर आले होते. चिमाबुए या चित्रकाराचा लाकडी क्रूस त्या चिखलात नासला, आणि जगभरची तरुण मुले पुस्तके, चित्रे धुवायला धावून आली. ज्या विद्येसाठी आमची पोर तिथे गेली आहे, तिला त्या महापुराने मोठे वळण दिले. २०१९ साली पंचगंगेचे पाणी पाहिलेल्या आम्हांला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

याच चर्चमध्ये मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाधी आहेत. महाकवी डान्टेचीही आहे, पण ती रिकामी. फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केले. तो १३२१ साली राव्हेन्ना गावी वारला आणि त्याच्या अस्थी त्या गावाने कधी परत दिल्या नाहीत. आता फ्लॉरेन्स दरवर्षी राव्हेन्नाला ऑलिव्हचे तेल पाठवते, डान्टेच्या समाधीवरच्या दिव्यासाठी. हे ऐकले आणि मला मोज्यांतली पणती आठवली.

२५ डिसेंबरला सगळे गाव बंद असते. दुकाने बंद, चित्रसंग्रहालये बंद, माणसे आपापल्या घरी जेवणाच्या टेबलाशी. (जाणाऱ्यांनी दूध-पाव २४ च्या दुपारीच आणून ठेवावा.) आम्ही तो दिवस राजासाठी ठेवला आणि पायीच निघालो. गावाच्या पश्चिमेला आर्नोच्या काठाने तीन-साडेतीन किलोमीटर लांब एक उद्यान पसरले आहे. छत्री त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. उद्यानाचे नाव 'काशीने'. सौ. चालता चालता थांबली. "काय म्हणालीस? काशी?"

"काशीने, आई."

"म्हणजे दक्षिण काशीचा राजा आणि दहन काशीनेत!"

आम्ही हसलो, पण पुढचा बराच रस्ता कुणी बोलले नाही. झाडांची पाने गळून गेली होती, नदीवर धुके होते, आणि मी लेकीला आजोबांची गोष्ट सांगत होतो.

हे राजाराम महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत आणि शाहू महाराजांचे पुत्रही नव्हेत. हे १८६६ साली दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. समुद्र ओलांडणे हे पाप समजले जाण्याच्या त्या काळात १८७० च्या मे महिन्यात ते विलायतेला निघाले. कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी बरोबर होता. त्यांनी लंडन पाहिले, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, आणि या सगळ्याची रोजनिशी इंग्रजीत लिहिली. परतीच्या वाटेवर ते फ्लॉरेन्सला आले. ते शहर त्या वेळी इटलीची राजधानी होते. तिथे प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते वारले. वय अवघे वीस.

इटलीत तेव्हा मृतदेहाचे दहन करण्याची चाल नव्हती. पण परवानगी मिळाली. हिंदू रीतीला नदीचा संगम हवा, म्हणून आर्नोला मुन्योने ही छोटी नदी जिथे मिळते ती जागा निवडली गेली. रात्रीच्या वेळी, परक्या लोकांच्या गर्दीसमोर, बरोबरच्या मोजक्या माणसांनी आपल्या राजाला अग्नी दिला. आपल्याकडे चिखलीला प्रयाग संगम आहे. हा त्यांच्या वाट्याला आलेला प्रयाग. १८७२ साली कॅप्टन वेस्टने त्यांची रोजनिशी छापून काढली, आणि १८७४ साली या संगमावर छत्री उभी राहिली.

ती समोर आली तेव्हा परके काही पाहतो आहोत असे वाटलेच नाही. खांब, कमानी, वर घुमट. तिचा आराखडा मेजर मँटचा, म्हणजे ज्याने आमच्या न्यू पॅलेसचा आराखडा केला त्याचाच. आत रंगवलेला अर्धपुतळा. डोईला पागोटे, गळ्यात दागिने, आणि चेहरा कॉलेजातल्या मुलाचा. शेजारी पोलादी दोरांनी तोललेला मोठा पूल आहे, १९७८ साली पुरा झालेला. त्याचे नावही 'इंडियनचा पूल'. गावाने याला आपल्या नकाशात कायमचे घर दिले आहे. मात्र हा 'इंडियन' कोणत्या गावचा, ते किती जणांना ठाऊक असेल?

मी पणती काढली. तूप नव्हतेच, लेकीने घरातून बाटलीत ऑलिव्हचे तेल आणले होते. छत्रीपासून अंतर राखून, मोकळ्या मातीवर सौ.ने पणती लावली. दोनदा वाऱ्याने विझली. तिसऱ्यांदा आम्ही तिघे वाऱ्याच्या बाजूला बसलो तेव्हा ती टिकली.

कुत्र्याला फिरवायला आलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्यापाशी थांबले. त्यांनी काही विचारले. लेक म्हणाली, "बाबा, ते विचारतायत, तुम्ही या इंडियनचे नातलग आहात का?"

मी इतिहास सांगायला तोंड उघडणार, तोच सौ. म्हणाली, "हो म्हणावं. आमच्याच गावचा."

मग त्यांनी वय विचारले. लेकीने सांगितले, वीस. "रगात्सो!" म्हातारबाबा म्हणाले, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. त्या शब्दाचा अर्थ आम्ही लेकीला विचारला.

"पोर," ती म्हणाली.

पणती संपेपर्यंत आम्ही बसून होतो. परत येताना सौ.ने विचारले, "याच्या घरी कधी कळलं असेल हो?" त्याच वर्षी समुद्रातून मुंबईपर्यंत तार पोचली होती, असे मी सांगितले. निरोप जाण्याची सोय होती. "निरोप जाईल हो," ती म्हणाली, "पण तो रोज काय बघत होता, काय खात होता, ते कसं कळणार? ते त्या वहीमुळेच कळलं." थोड्या वेळाने ती लेकीला म्हणाली, "अगं, तू रोज दोन ओळी लिहीत जा."

"तुला पाठवू?"

"मला नको. वहीत लिही. तुझं तुला राहील."

वकिली तिथेच संपली. ज्या कामासाठी ही सात समुद्र ओलांडून आली होती, तो विषय उरलेल्या दिवसांत निघाला नाही. निघायच्या दिवशी स्टेशनवर तिने पोरीचा मफलर सारखा केला आणि म्हणाली, "अभ्यास नीट पुरा कर. मग काय ते ठरव." गाडी सुटल्यावर मात्र रोम येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

ती पणती आम्ही परत आणली. काठ काळा झाला आहे, म्हणून इतर पणत्यांत लगेच ओळखू येते. यंदाही लेकीला दिवाळीची सुट्टी नाही. सौ.ने ती पणती ओळीत पहिली मांडली आहे, आणि आमच्या मुदपाकखान्यात न शोभणारी ऑलिव्ह तेलाची एक बाटली नाक्यावरच्या दुकानातून आणून ठेवली आहे.