काळ्या मातीतले चाक

मुंबई-पुण्याच्या माणसाला खानदेश माहीत असतो तो बहुधा रेल्वेच्या खिडकीतून, आणि तोही अर्धवट झोपेत. रात्री केव्हातरी जळगाव येते, भुसावळला चहावाल्याची हाक कानांवर पडते, आणि नीट जागे होईपर्यंत गाडी वऱ्हाडात शिरलेली असते. केळी, भरताची वांगी आणि वैशाखातले ऊन, एवढ्या तीन गोष्टींवर आपण या मुलखाची बोळवण करतो. ज्याला खानदेश खरोखर पाहायचा असेल त्याने तो मालाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून पाहावा. पाठीला थोडा त्रास होईल. पण रस्ता म्हणजे काय आणि चाक म्हणजे काय, हे तेथे जसे कळते तसे दुसरीकडे कळत नाही.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे निघालेली तापी, अशी या प्रांताची ठेवण. 1906 साली इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. तेच पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले, आणि 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. पण नकाशावरच्या रेघा बदलल्या तरी माती बदलली नाही. तापीकाठची काळी, खोल, लोण्यासारखी माती! उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून येते. पायाला लागली तर चप्पल मागे राहते आणि माणूस पुढे जातो. याच मातीत ती केळी पिकते, जिला 2016 साली ‘जळगाव केळी’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले.

गेल्या भाद्रपदात मी यावल तालुक्यात माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. त्याला सारे घर अप्पा म्हणते. अप्पाने नुकताच एक छोटा ट्रक घेतला होता. कर्ज काढून, पण हौसेने. पुढे नारळ, लिंबू-मिरची, मागच्या फाळक्यावर कुलदैवताचे नाव, सारे यथासांग झाले होते. आणि घरात त्या ट्रकावरूनच वाद पेटला होता.

वादी होता अप्पाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या. वय बावीस, ट्रक तोच चालवणार. त्याचे म्हणणे असे, की ही गाडी आपल्या शेताच्या वाटेला बुटकी आहे. तिच्या कमानीखाली ठोकळे घालून, पाटे वाढवून ती वर उचलावी आणि खाली दांडगी, जाड चाके बसवावीत. परदेशातल्या शेतकऱ्यांचे असे उंच ट्रक त्याने फोनवर पाहिले होते. नाल्यातून, चिखलातून, दगडांवरून ते हत्तीसारखे चालत जातात म्हणे. अप्पाचे म्हणणे एकच, “कंपनीत बसलेली माणसं काय येडी आहेत?” दोघांनीही मला पंच नेमले. मोटारीतले मला एवढेच कळते, की ती पेट्रोलवर नाहीतर डिझेलवर चालते. परंतु घरच्या भांडणात अज्ञानी पंचच बरा, असे अप्पाचे मत असावे.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एका वखारीला केळी पोचवायची होती. तिथे पाट्यांचे काम करणारा अप्पाच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री आहे. तो सांगेल ते ऐकायचे, असे ठरले.

पहाटे आम्ही बागेवर गेलो. म्हणजे बागेपर्यंत गेलो नाहीच. डांबरी रस्ता संपतो तिथे ट्रक उभा राहिला. पुढे अर्धा-पाऊण किलोमीटर पाणंद, आणि पाणंद कसली, काळा शिराच तो! ही वाट पाच शेतकऱ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. बागेतून घड येत होते ते टायरगाडीतून. दोन बैल गुडघाभर चिखलातून ती ओढून आणत होते.

“पाहिलंत काका?” पुतण्या म्हणाला. “एकेक घड दोनदा चढतो, दोनदा उतरतो. प्रत्येक वेळी केळी घासली जाते. व्यापारी काळा डाग पाहतो आणि भाव पाडतो. गाडी थेट बागेत गेली तर?”

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. केळीचा घड वीस-पंचवीस किलोंचा. पण त्याची साल लहान मुलाच्या गालासारखी. सकाळी लागलेला ओरखडा संध्याकाळी काळा पडतो. हौदात केळीचीच पाने अंथरून, मजूर एकेक घड खांद्यावरून आणून फाळक्याशी उभ्या असलेल्याच्या हाती देत होते. त्या मजुरांत एक साठीचा गृहस्थ होता. हौद्याची कड त्याच्या छातीला येत होती. घड देताना तो टाचा उंचावी. तेव्हा मी ते नुसते पाहिले. त्याचा अर्थ पुढे धुळ्यात कळला.

जळगाव सोडले की बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. पलीकडे टेकाडावर विद्यापीठ. 2018 पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला, ही या मातीची थोरवी! पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा. सुरतेकडून येऊन नागपूर-कलकत्त्याकडे जाणारा हा महामार्ग पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न नंबरचा आहे. या गुळगुळीत रस्त्यावर पुतण्याने मला टायरवरचे आकडे वाचायला शिकवले. वाचकहो, तुमच्या दाराशी मोटार असेल तर हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यांच्या ट्रकाच्या टायरवर 215/75 आर 15 असे लिहिले होते. 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के. ती होते सुमारे 161 मिलिमीटर. 15 म्हणजे आतल्या लोखंडी रिमचा व्यास, इंचांत. वरची भिंत, खालची भिंत आणि रिम यांची बेरीज केली की चाकाची एकूण उंची निघते: सुमारे 70 सेंटिमीटर. पुतण्याला हवे होते ते टायर 31 इंचांचे, म्हणजे जवळजवळ 79 सेंटिमीटरचे.

“म्हणजे गाडी नऊ सेंटिमीटर वर!” मी हिशेब केला.

“नाही काका, निम्मीच. कणा चाकाच्या मध्यावर असतो ना? चाक साडेआठ वाढलं तर कणा सव्वाचार वर.”

पोरगा हुशार होता. अप्पा खिडकीबाहेर कापूस पाहत बसला होता. पण त्याचा कान आमच्याकडे होता, हे मला दिसत होते.

धुळे हे रस्त्यांचे गाव. 1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने इथे ठाणे केले आणि पांझरेच्या काठी पेठ वाढली. गावातल्या भर बाजाराच्या रस्त्याचे नाव आजही आग्रा रोड. मुंबई-आग्रा मार्ग आणि सुरत-नागपूर मार्ग इथे एकमेकांना छेदतात. सोलापूर-औरंगाबादकडून येणारा तिसराही इथेच मिळतो. आणि धुळ्याहून जवळजवळ कोणत्याही दिशेला निघा, पुढे घाट आहे. उत्तरेला सेंधव्याच्या वाटेवर बिजासनचा, पश्चिमेला कोंडाईबारीचा, दक्षिणेला लळिंगचा, चाळीसगावापलीकडे कन्नडचा. एक पूर्वेची वाट तेवढी सपाट. सपाटीची आणि चढाची अशा दोन्ही गाड्या ज्या गावातून जातात, त्या गावचा मिस्त्री शहाणा व्हायचाच.

केळी उतरवून आम्ही त्याच्या शेडवर गेलो. बाहेर तुटक्या पाट्यांची रास, आत भाता आणि ऐरण. म्हाताऱ्याने पुतण्याचे सारे ऐकून घेतले, गाडीखाली वाकून पाहिले, हात पुसले आणि अहिराणीत विचारले, “गाडी उच्ची कराले काय लागस, भाऊ? पन घड कोन चढावस, ते सांगा.”

घड कोण चढवतो? माझ्या डोळ्यांपुढे टाचा उंचावणारा तो मजूर उभा राहिला. टायरने सव्वाचार आणि ठोकळ्यांनी पाच, असा हौदा नऊ-साडेनऊ सेंटिमीटर वर गेला तर छातीशी येणारी कड त्याच्या गळ्याशी येणार. दिवसाला शंभर घड चढवणाऱ्या खांद्याला त्याचा अर्थ कळतो. आणि उंच फेकलेला घड अधिक घासणार, हेही आलेच. म्हणजे ज्या ओरखड्यासाठी गाडी उचलायची तो ओरखडा चुकत नाहीच.

मिस्त्रीने मग पुतण्याला गाडीखाली बोलावले आणि टेप त्याच्याच हाती दिला. मागच्या कण्यावरचा तो लोखंडी गोळा, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, त्याची जमिनीपासून उंची मोजायला लावली. चिखलात गाडी रुतते ती त्या गोळ्यावर टेकते. कमानीखाली ठोकळे घातले, पाटे वाढवले, तर हौदा आणि केबिन वर जाते. गोळा असतो तिथेच राहतो. त्याला वर उचलणारे एकच, ते म्हणजे चाक. आणि चाक फार मोठे घेतले तर दुसरीच अडचण. एका फेऱ्यात चाक जास्त अंतर तोडते, म्हणून इंजिनाला तितकाच जास्त जोर लागतो. भरल्या गाडीने बिजासन चढताना तो कुठून आणायचा? काटा साठ दाखवील तेव्हा गाडी सदुसष्टने पळत असेल. ब्रेकला चाक थोपवणे जड जाईल. वर माल उंच गेला, की घाटातल्या वळणावर गाडी कलणार. यावर म्हाताऱ्याने काही भाष्य केले नाही. त्याने फक्त शेडच्या कोपऱ्यातल्या एका चेपलेल्या केबिनकडे बोट दाखवले. अप्पाने मुलाकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे.

कायद्याची बाबही आहे. कंपनीने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीच्या रचनेत करता येत नाही, असे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52वे कलम सांगते; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मधल्या एका निकालात तेच ठामपणे सांगितले. अपघात झाला तर विम्यावाले पहिल्यांदा हेच पाहणार.

“मग काहीच नको?” पुतण्याचा चेहरा उतरला.

पण मिस्त्री नुसता नकारघंटा वाजवणारा नव्हता. कंपनी याच जातीच्या गाडीच्या एखाद्या प्रकाराला 235/75 देत असेल, तर एजन्सीत विचारून तो टायर घे, म्हणाला. कणा दीडच सेंटिमीटर वर जाईल, पण टायर रुंद असल्याने मऊ जमिनीत थोडा कमी रुतेल. मात्र तो किती वजन पेलतो ते आधी वाच. दिसायला दांडगा आणि ओझ्याला कच्चा, असाही टायर मिळतो. मागे खोल, मोकळ्या खाचांची नक्षी घे. बारीक नक्षीत काळी माती बसली की चाकाचा लाटण्यासारखा गोळा होतो आणि मग इंजिन कितीही मोठे असो, चाक जागीच फिरते. पाट्यांना हात लावू नको. आणि शेवटी त्याने हसत विचारले, “पाणंद कितली लांब शे?”

त्या प्रश्नात सारे आले. मला जुन्या बैलगाड्या आठवल्या: माणसाच्या छातीइतके उंच चाक, लांब आरे, वर लोखंडी धाव. आपल्या पूर्वजांनी उंच चाक केले, कारण वाट त्यांच्या हाती नव्हती. 1888 साली डनलपने हवेचा टायर काढला आणि पुढे तो बैलगाडीला लागला; चाक बुटके झाले, रुंद झाले, आणि ओझे भरणाऱ्याची कंबर वाचली. आज मुंबई-पुण्यात घरापासून कचेरीपर्यंत जायला लोक हत्तीएवढ्या उंच मोटारी घेतात. त्यांची हौस त्यांच्यापाशी. ज्याला ओझे वाहायचे आहे त्याने चाकाकडे पाहण्याआधी वाटेकडे पाहावे, एवढेच त्या म्हाताऱ्याचे सांगणे होते.

परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत पुतण्या गप्प होता. मग एकदम म्हणाला, “अप्पा, ठोकळे, पाटे आणि त्या मोठ्या टायरांना जेवढे पैसे लागले असते, तेवढ्यात मुरमाच्या किती खेपा येतील?”

अप्पाने लगेच उत्तर दिले नाही. पण एरंडोल येईपर्यंत दोघेही खेपा मोजू लागले होते; आणि नवे रुंद टायर घ्यायला अप्पाने, कोणी न मागता, रुकार दिला होता.

दसऱ्यानंतर त्याचे पत्र नाही, फोन आला. पाच शेतकऱ्यांपैकी तिघे वर्गणीला तयार झाले आहेत. चौथा विचार करतो म्हणतो. पाचवा म्हणतो, माझे शेत तोंडाशीच आहे, मला काय करायचे? तरीही मुरमाच्या पहिल्या खेपा पडल्या. वाट निम्मी झाली आहे, आणि ट्रक आता निम्म्या वाटेपर्यंत आत जातो.