सारोळ्यातील ठोकळ्यांचे घर

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरेचा पूल ओलांडण्याआधी भोर तालुक्यातील सारोळे लागते. पलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तेथे स्नेह्यांकडे उतरलो, तेव्हा घरातील मुले एका मोबाईलभोवती गोळा झाली होती. खेळ 'माइनक्राफ्ट'. २००९ साली स्वीडनमध्ये निघालेला, पुढे २०१४ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेला.

आम्हीही शेजारी बसलो. सारे जग ठोकळ्यांचे. आधी नुसत्या हातांनी झाड तोडायचे. लाकडी कुदळीने दगड, दगडीने लोखंड, लोखंडीने हिरा. लाकडी कुदळ हिऱ्यावर चालवली तर हिरा फुटतो, हाती काही लागत नाही! रात्रीपूर्वी आडोसा हवा. कोळसा व काठीची मशाल पेटवली की त्या उजेडात राक्षस उपजत नाहीत. डोळ्यांना ताण पडतो, म्हणून वेळेचा नेम मात्र हवाच.

घरातील आजींचे आयुष्य खडी फोडण्यात गेले. त्यांनी नातवाला विचारले, "येवढा दगूड काढलास, त्यो कुनाचा रं?"

"माझाच की आज्जी. त्याचंच घर बांधलंय."

आजी बराच वेळ त्या घराकडे पाहत राहिल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ पासून याच खेळातून गरीब वस्त्यांतील रहिवाशांना आपली मैदाने, बागा स्वतः आखायला दिल्या. नैरोबीची किबेरा वस्ती त्यातलीच. हे ऐकून थोरल्या मुलीने मोबाईल घेतला आणि आपली आळी मांडू लागली.

"आधी गटार," ती म्हणाली.