पाठ असलेलं कलम

मे महिना आला की आमच्या डेस्कवर दोन-तीन नवे चेहरे दिसायला लागतात. पत्रकारितेचे विद्यार्थी, महिना-दीड महिन्याची इंटर्नशिप. त्यांना काय काम द्यायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं, त्यामुळे वाट्याला येतात प्रेसनोटा. सत्कार, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण. चार ओळींत अठरा मान्यवर बसवायची कला येते म्हणा!

तशी ही मुलं कोरी नसतात. पुणे विद्यापीठाचा विभाग (आपलं रानडे इन्स्टिट्यूट हो) १९६४ पासून पत्रकार घडवतोय, आणि आता तर गावोगावी अभ्यासक्रम आहेत. उलटा पिरॅमिड, सहा ककार, 'दर्पण' निघालं ती ६ जानेवारी १८३२ ही तारीख... सगळं पाठ.

गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. हुशार. एका संध्याकाळी तालुक्याच्या वार्ताहराची बातमी आली, अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची. मी ती तिच्याकडे दिली. तिने भाषा नीट केली, 'नराधम' काढून 'आरोपी' केलं. (हे मला फार आवडलं.) मुलीचं नाव तर तिने कधीच उडवलं होतं. विचारलं तर पॉक्सो कायदा, २०१२, कलम २३ असं घडाघडा सांगितलं. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, यातलं काहीही छापायचं नाही.

आणि समोरच्या बातमीत होतं: गावाचं नाव, 'दहावीत शिकणारी', आणि 'वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे'.

मी एवढंच विचारलं, "अगं, तुझ्या गावात सायकलची दुकानं किती?"

"एकच आहे, सर."

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. दुकान गेलं, दहावी गेली, गावाचं नाव जाऊन नुसता तालुका राहिला. आरोपी 'शेजारी राहणारा' होता, तेही तिनेच काढलं. मला ते दिसलं नव्हतं असं नाही, पण तिला दिसतंय का ते पाहत होतो. बावीस ओळींची बातमी नऊ ओळींवर आली. वार्ताहराचा फोन आला, "बातमीत काही ठेवलंच नाही तुम्ही!" फोन तिनेच घेतला. "नाही ठेवलं," म्हणाली.

वर्गात हे शिकवत नाहीत असं मी म्हणणार नाही, शिकवतात. फक्त तिथे समोर सायकलचं दुकान नसतं. आणि इथे दुकान असतं, तर शेजारी बसून विचारणारं माणूस नसतं. डेस्कवर माणसं कमी झालीत, पानं तेवढीच आहेत. त्या दिवशी जाहिरातींमुळे माझं एक पान कमी झालं होतं, म्हणून मला वेळ होता. बाकीच्या दोघांना त्या महिन्यात मी काय शिकवलं? फारसं काही नाही, वेळच झाला नाही.

असो. महिनाअखेरीस कॉलेजचा मूल्यमापनाचा फॉर्म आला. रकाने तीन: हजेरी, भाषा, संगणकाचं ज्ञान. भाषेत तिला दहापैकी दहा दिले.